डाव्या हाताची करवत

आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका वेळ घेऊन या पृथ्वीतलावर कुणी एखादी वस्तू विकत घेतली असेल, यावर माझा मुळीच विश्वास नाही. आमच्या परभणी जिल्ह्यातली माणसं एका बाजारात बैलजोडी पारखतात, एका चहात सोयरीक ठरवतात आणि देवगाव फाट्यावर मोटार उभी असते तेवढ्या वेळात जमिनीचा सौदा मोडूनही मोकळी होतात. साडूभाऊंनी एक गोल करवत पसंत करायला चार वर्षं घेतली. त्या चार वर्षांत आमचा अख्खा जिल्हा हैदराबाद राज्यातून उठून मुंबई राज्यात गेला, माझी एकदा बदली झाली आणि रद्दही झाली, माझ्या डोक्यावरचे केस निम्म्यावर आले; पण साडूभाऊ आपले पिशवीत बाभळीचा तुकडा घालून गावोगाव करवती बघत हिंडतच होते. बरं, ते सुतार असते तर गोष्ट वेगळी होती. ते पेडगावच्या खात्यापित्या शेतकरी घरातले, परभणीच्या तहसील कचेरीतून मुदतीआधीच घरी बसलेले कारकून. त्यांच्या घरी बाभळीचं लाकूड येई ते चुलीत घालायला. त्यांना गोल करवत कशाला हवी, हे समजायला त्यांचा डावा हात समजून घ्यावा लागतो.

साडूभाऊ डावखुरे होते. असे डावखुरे मी पुन्हा पाहिले नाहीत. एरवी डावखुऱ्या माणसाचा उजवा हात थोडीफार मदत करतो. साडूभाऊंचा उजवा हात म्हणजे पाहुणा आल्यासारखा नुसता बसून असे. जेवायला तेवढा तो वापरायचा, ही त्यांनी जगाशी केलेली एकमेव तडजोड. लहानपणी आईनं त्यांचा डावा हात फडक्यानं कमरेला बांधून पाहिला, गावच्या पंतोजींनी त्याच्यावर छड्या मोडल्या. हात काही बदलला नाही. पुढं परभणीला उर्दू शाळेत घातलं तेव्हा मात्र चमत्कार झाला. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. डाव्या हाताचा माणूस ती लिहायला बसला की त्याचा हात लेखणीच्या पुढं पुढं पळतो आणि ओली शाई मागं सुखरूप राहते. वर्गातल्या साऱ्या उजव्या पोरांची मनगटं शाईनं बरबटलेली आणि यांचा एकट्याचा कागद स्वच्छ! त्या स्वच्छतेवरच त्यांना पुढं कचेरीत नोकरी लागली. कुठलाही महत्त्वाचा मसुदा असला की यांच्यापुढं यायचा. निजामाच्या वेळचे एक तहसीलदार म्हणे चारचौघांत त्यांचा डावा हात वर धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "ये हात तो सरकार की अमानत है." साडूभाऊ हे वाक्य मला वर्षातून दहा वेळा ऐकवत, आणि दर वेळी ऐकवताना तो हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडं बघत.

पुढं पोलीस अ‍ॅक्शन झालं. राज्य गेलं याचा साडूभाऊंना आनंदच झाला होता. कचेरीवर तिरंगा चढला तेव्हा दोरी त्यांनीच ओढली, डाव्या हातानं. पण वर्षा-दोन वर्षांत कचेरीचा कारभार मराठीत आणि इंग्रजीत आला, आणि ओळी डावीकडून उजवीकडे धावू लागल्या. आता हात लिहिलेल्यावरूनच फिरायला लागला. साडूभाऊ एक ओळ लिहीत आणि पुढची लिहिताना आधीची पुसून टाकत. संध्याकाळी पेडगावच्या गाडीत बसले की त्यांच्या डाव्या बाहीवर दिवसभराचा सरकारी पत्रव्यवहार उलटा वाचता येई. नव्या साहेबांनी एक दिवस बोलावून शांतपणे सांगितलं की उजव्या हातानं लिहायला शिका. साडूभाऊ म्हणाले, "साहेब, राज्य बदललं, लय चांगलं झालं. हात न्हाई बदलायचा." आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज लिहिला. अर्जही पुसला गेला होता, पण मंजूर झाला.

घरी बसल्यावर पहिले सहा महिने ते नुसते ओसरीवर बसून असत. मी रविवारी परभणीहून गाडीनं जाई. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, मी शाळामास्तर, तेव्हा बोलायला विषय पुष्कळ. पण साडूभाऊ बोलता बोलता थांबत आणि डाव्या हाताची बोटं उघडझाप करत. एकदा म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं या हातानं सरकारचं काम केलं. आता बसून हाय. माणूस बसला तर चालतं वो, हात बसला की लय वंगाळ वाटतंय." त्यानंतर पंधरा दिवसांनी गेलो तर गोठ्यातली गुरं वाड्याबाहेरच्या छपरात गेली होती आणि रिकाम्या गोठ्यात साडूभाऊ दोरी लावून मापं घेत होते. लाकूडकाम करायचं ठरलं होतं. रंधा आणि पटाशी डाव्या हातानं चालतात, त्याबद्दल त्यांचं लाकडाशी भांडण नव्हतं. पण फळ्या चिरायला त्यांना गोल करवतच हवी होती. म्हणजे मेजाच्या चिरेतून अर्धं वर आलेलं दातेरी पातं, त्याच्या आसाला खाली चाकी, चाकीला पट्टा आणि पट्ट्याला इंजिन. लाकूड पुढं सरकवत न्यायचं की ते उभं चिरत जातं.

यात पहिली चूक त्यांनी पहिल्याच दिवशी केली. करवतीच्या आधी इंजिन आणलं. विहिरीवरचं रॉकेलवर चालणारं जुनं इंजिन त्यांनी उपसून आणलं, चांगला मुहूर्त काढून गोठ्याच्या कोपऱ्यात दगडी पायात ठोकून बसवलं आणि नारळ फोडला. मी म्हटलं, आधी करवत तरी बघायची. म्हणाले, "आधी घर, मग नवरी." ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या धनगराच्या पाऊणशे मेंढ्या वाडगं मोडून थेट पेडगावच्या स्टेशनात शिरल्या. धनगर काठी टेकत येऊन म्हणाला, "कारकूनसाब, करवत येयाच्या आदीच ह्यो तमाशा. ती आल्यावर आमी गाव सोडावं का?" साडूभाऊंनी त्याला चहा पाजला आणि दर वेळी इंजिन लावायच्या आधी निरोप धाडायचं कबूल केलं. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

मग सुरू झाली करवतीची शोधमोहीम. जालना, नांदेड, हैदराबाद, जिथं म्हणून लोखंडी यंत्रं विकणारं दुकान असेल तिथं आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मीही. कारण करवतीवर चिरून बघायचा तो बाभळीचा तुकडा उचलायला कुणीतरी हवं. दुसऱ्या पिशवीत उर्दूतली वही आणि एक पितळी फुलपात्र असे. दुकानात शिरलं की साडूभाऊ फुलपात्र काठोकाठ पाण्यानं भरत, करवतीच्या मेजावर ठेवत आणि दुकानदाराला यंत्र चालू करायला सांगत. पाण्याचा एक थेंब जरी सांडला तरी वहीत नोंद होई आणि निकाल कानावर येई : नामंजूर. नांदेडच्या एका दुकानदारानं फुलपात्र थोडं कमी भरायची सूचना केली, तर साडूभाऊ त्याच्याकडं असे बघायला लागले की त्यानं मुकाट्यानं स्वतःच पाणी वाढवलं.

पण पाणी न सांडणारी करवत सापडली तरी दुसरी परीक्षा राहायचीच, आणि तिथं सगळ्याच नापास. लाकूड सरळ सरकावं म्हणून मेजावर पात्याला समांतर एक लोखंडी पट्टी असते. लाकूड तिला घासत न्यायचं. ती पट्टी साऱ्या करवतींना उजव्या बाजूलाच, कारण जग उजव्या हाताचं. साडूभाऊंना ती डावीकडं हवी होती. दुकानदार म्हणायचे, पट्टी तिकडं बसतच नाही. मग ते विचारायचे, डाव्या हाताची करवत नाही का? हैदराबादच्या दुकानदारानं हसून सांगितलं, "साब, सीधे हात से चलाव ना, क्या मुश्किल है?" साडूभाऊंनी खिशातून पेन्सिल काढली, त्याच्या डाव्या हातात दिली आणि त्याला स्वतःचं नाव लिहायला लावलं. दुकानातले चार नोकर भोवती जमले. बिचाऱ्यानं घाम पुसत पुसत नाव लिहिलं, ते त्यालाच वाचता येईना. "बस," साडूभाऊ म्हणाले, "आमाला रोज ऐसंच लगता हय." मी शरमेनं बाभळीचा तुकडा छातीशी धरून उभा होतो. पण खरं सांगतो, परतीच्या गाडीत माझं मन स्वस्थ नव्हतं. माझ्या वर्गात डाव्या हातानं पाटीवर लिहिणाऱ्या मुलांना मी पट्टीनं मारत असे. त्या सोमवारपासून ते बंद केलं.

बाहेरच्या जगाशी साडूभाऊ असे भांडत, आणि घरात मात्र गप्प बसत. कारण घरात अक्का होती. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. स्वभावानं सोन्यासारखी, पण उजव्या-डाव्याच्या बाबतीत लोखंड. डाव्या हातानं दिलेली कुठलीही वस्तू तिनं लग्न झाल्यापासून घेतली नव्हती. मीठ असो, चिठ्ठी असो, "त्या हातानं नको" म्हणून ती हात मागं घ्यायची. इतक्या वर्षांत साडूभाऊंना अशी सवय जडली होती की डाव्या हातात घेतलेली वस्तू अक्कापुढं जाईपर्यंत आपोआप उजव्या हातात गेलेली असे. करवतीची बोलणी सुरू झाली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "काय करायचं ते गोठ्यात करा. डाव्या हातानं केलेलं काई माज्या सैपाकघरात येणार न्हाई, आदीच सांगून ठिवते." साडूभाऊ यावर नामंजूर म्हणाले नाहीत. नुसते बोटं उघडझाप करत राहिले.

चौथ्या वर्षी जालन्याला एका करवतीवर पाणी सांडलं नाही. एक थेंबही नाही. पट्टी उजवीकडंच होती, पण माणूसच ते, किती दिवस हिंडणार? वहीत बराच वेळ टोक टेकवून त्यांनी लिहिलं : तूर्त मंजूर. करवत आगगाडीनं पेडगावला आली, बैलगाडीतून गोठ्यात गेली आणि भिंतीजवळ, इंजिनाच्या समोर, पक्की बसली. धनगराला निरोप गेला. मेंढ्या माळावर गेल्या. इंजिन लागलं, पातं फिरलं आणि साडूभाऊंनी उजव्या हातानं पहिली फळी सरकवली. ती अशी वाकडी चिरली गेली की तिच्यावर मुंगीसुद्धा सरळ चालली नसती. दुसरी, तिसरी, तशीच. तिसऱ्या फळीनंतर त्यांचा धीर सुटला. आडवं होऊन, पात्यावरून ओणवून त्यांनी डावा हात घातला.

मी तिथं होतो. एक फर्रकन आवाज आला आणि फळीचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. इंजिन बंद केलं तेव्हा साडूभाऊ डाव्या हाताची बोटं मोजत होते. पाचही होती. बाही मात्र मनगटापासून कोपरापर्यंत उभी फाटली होती. आवाज ऐकून अक्का पिठाच्या हातांनी धावत आली. ती रागावेल म्हणून आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. पण तिनं ती फाटकी बाही उचलून खालचा हात नीट बघितला, दोन्हीकडून बघितला, आणि आत निघून गेली.

त्यानंतर करवतीवर पोतं पडलं. गावचा सुतार सांगून गेला, "मालक, उजव्यानंच करा, चार म्हयन्यांत सवय हुईल." साडूभाऊ म्हणाले, "छप्पन वर्षं झाली, अजून हुईना." मी सुचवलं की करवत उलटी फिरवून ठेवा, म्हणजे पट्टी डावीकडं येईल. तर पट्ट्याची चाकी एकाच बाजूला, करवत फिरवली की ती भिंतीत जाणार. आणि इंजिन तर मुहूर्तानं दगडात ठोकलेलं. मग मी म्हटलं, मेजाच्या पलीकडच्या अंगाला उभे राहा. साडूभाऊ हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. म्हणाले, "तिकडून पातं उलटं येतंय, मास्तर. लाकूड कापायच्या ऐवजी छातीवर फेकंल." शेवटी एका रविवारी त्यांनी मला जालन्याच्या दुकानदाराला पत्र लिहायला बोलावलं : करवत परत घ्यावी. स्वतः लिहिलं तर पुसलं जाईल, म्हणून मी लिहायचं. चार वर्षांचा निकाल ते मला सांगत होते आणि मी लिहीत होतो. करवतीचं काय, ती जाईल. पण तो हात पुन्हा मांडीवर उताणा पडणार होता, आणि आता कायमचा.

अक्का तिथंच दाराशी चरखा घेऊन बसली होती. चळवळीच्या दिवसांपासून ती सूत कातायची. त्या दिवशी ती दोन पदर एकत्र करून जाड सूत करत होती. त्याला उलटा पीळ लागतो. तिनं चरखा थांबवला, मोठ्या चाकावरून चातीकडं, म्हणजे सूत पिळणाऱ्या सळईकडं, जाणारी दोरीची माळ सोडली, मधे एक तिढा देऊन फुलीसारखी परत चढवली आणि चाक पहिल्यासारखंच फिरवायला लागली. चाक सुलट फिरत होतं, चाती उलटी. मग आमच्याकडं न बघताच ती म्हणाली, "मास्तर, पत्र थांबवा जरा. तुमच्या त्या पट्ट्याला असा तिढा दिला तर काय व्हईल?"

साडूभाऊ ताडकन उठले. चष्मा खाली पडला, तो मी उचलला. आम्ही तिघंही गोठ्यात. पोतं काढलं. पात्याचे दाते उलट्या दिशेला येतील असं ते काढून पुन्हा बसवलं. उलट फिरताना नट सैल होईल म्हणून साडूभाऊंनी एकावर एक असे दोन आवळले. पट्टा उतरवला, मधे तिढा दिला, चढवला. पट्टा किती ताणायचा ते अक्का सांगत होती, आणि बारा गावच्या दुकानदारांना पाणी पाजलेले आमचे साडूभाऊ "असं? का अजून?" म्हणून तिला विचारत होते. त्या दिवशी धनगराला निरोप द्यायचा राहिला, एवढा एकच अपवाद. इंजिन लागलं. साडूभाऊ मेजाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. आता पट्टी त्यांच्या डावीकडं होती आणि पातं त्यांच्या बाजूनं सुलट येत होतं. त्यांनी डावा हात फळीवर ठेवला. फळी गेली, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर मेंढ्यांचा कालवा, आत भुसा, आणि साडूभाऊ इंजिनाच्या आवाजात काहीतरी म्हणत होते. ओठांवरून कळलं, मंजूर म्हणत होते.

पहिली वस्तू झाली ती पाट. चार बोटं उंचीचा, साधा, कडा गोल केलेला. तो घेऊन साडूभाऊ ओसरीवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि तिथं थांबले. आत न्यायचा नाही, हे ठरलेलंच होतं. नुसता दाखवायचा होता. अक्का चुलीपाशी होती. सगळ्यांना पाट मांडून द्यायची आणि स्वतः मात्र शेवटी जमिनीवरच बसायची, अशी तिची रीत. ती उठून उंबऱ्याशी आली. साडूभाऊंच्या डाव्या हातात पाट होता, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं तो आपोआप उजव्या हातात जाऊ लागला. तेव्हा अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ज्यानं केला त्यानंच द्या."

तिनं दोन्ही हात पुढं केले. साडूभाऊंना पाट देववेना आणि ठेववेना. मी अंगणातल्या रांजणातलं पाणी प्यायला निघून गेलो. तहान लागली नव्हती.

साडूभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. करवत गोठ्यात आहे. सुतार एकदा मागायला आला होता, म्हणाला, पात्याचे दाते आणि पट्टा सुलट करून घेतो. अक्कानं सांगितलं, "तिढा काढायचा न्हाई. तसं चालवता येत आसंल तर घिऊन जा." तो गेला. मी अजून अधूनमधून पेडगावला जातो. मागल्या खेपेला गेलो तर अक्का गोठ्यात होती. चामडी पट्टा तिढ्यापाशी चिरू नये म्हणून ती महिन्याच्या महिन्याला त्याला एरंडेल चोळते. मी म्हटलं, "अक्का, आता कुणी चालवत नाही. कशाला त्रास घेता?"

"हाताला सवय झालीय, मास्तर," ती म्हणाली. तेलाची वाटी तिच्या उजव्या हातात होती, आणि पट्ट्यावरून फिरत होता तो डावा.